अठरावा गट

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मार्तंड सबनीसने कोऱ्या कागदावर तीन रेघा पाहिल्या. नुसत्या पाहिल्या नाहीत, मोठ्याने सांगितल्या. आणि पाठोपाठ लवूनेही बघून होकार दिला. दोन शहाणीसुरती, बायकामुलांची माणसं. अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, आणि जिथे काही नव्हतं तिथे दोघांनाही रेघा दिसल्या. भुताटकी म्हणावी तर तीही नाही. भुताटकी असती तर बरं झालं असतं, असं मार्तंडला पुढच्या चार दिवसांत कितीदा तरी वाटलं. भुतासाठी निदान नारळ तरी उतरवून टाकता येतो.

थांबा, हे नीट सांगायला हवं.

अंधेरीला कुर्ला रोडवर, चकाल्याच्या अलीकडे, जयवंत पाठाऱ्यांचा लेन्सचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा इतकंच. मंगलोरी कौलांची एक लांबोळकी शेड, मागे विहीर आणि दोन चिंचा. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या दुर्बिणी दुरुस्त करायला तो निघाला आणि लढाई संपल्यावर दवाखान्यांच्या कॅमेऱ्यांवर तगला. मुंबईच्या दमट हवेने त्याला कधी उपाशी ठेवलं नाही. चार महिने हवा अशी की लेन्सच्या आत, दोन काचांच्या मध्ये, पांढुरकी बुरशी धरते. मग भादवा लागला की कॅमेरे इथे येऊन पडायचे. तिथला कारागीर लवू ते खोलायचा, काचा पुसायचा, पुन्हा बसवायचा. बसवताना एखादी कडी अर्धा आटा जरी सैल राहिली तरी चित्र मऊ पडतं, म्हणून बसवलेली प्रत्येक लेन्स तपासायची. ते काम मार्तंडचं. चौदा वर्षं तो ते करत होता आणि पाठारे साहेब आल्यागेल्याला त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हा आमचा घारीच्या नजरेचा माणूस." मार्तंड मान खाली घालून हसायचा. आवडायचं ना त्याला! कुणाला आवडणार नाही?

तपासणीची खोली काळोखी, वीस फूट लांब. एका टोकाला भिंतीवर तक्ता आणि त्याच्यावर दिवा. तक्त्यावर तीन-तीन रेघांचे चोवीस गट. पहिल्या गटातल्या रेघा काडीएवढ्या जाड, मग प्रत्येक गट आधीच्यापेक्षा बारीक, शेवटचा तर केसाहून बारीक. दुसऱ्या टोकाला लेन्स पकडीत धरायची, तिच्या मागे छोटा सूक्ष्मदर्शक लावायचा आणि बघायचं की कितव्या गटापर्यंत तीन रेघा सुट्या दिसतात. जिथे त्या एकमेकींना चिकटून नुसता करडा डाग होतो तिथे लेन्सची ताकद संपली. पडद्यावर उमटलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्राचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यात अठरावा गट सुटा दिसायलाच हवा. नाहीतर फुप्फुसावरचा मुगाएवढा डाग फोटोत उमटायचा नाही आणि क्षयाचा माणूस खुशाल घरी जायचा.

नियम चांगला होता. दोघांनी बघायचं, दोघांचे आकडे वहीत दोन रकान्यांत लिहायचे, आणि त्यांत एका गटाहून जास्त फरक पडला तर लेन्स पुन्हा खोलायची. पुन्हा खोलायची म्हणजे लवूचा अर्धा दिवस पाण्यात. आणि बाहेर बाकावर तर वीस कॅमेरे वाट बघतायत. मग काय होणार? कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही, पण हळूहळू मार्तंड डोळा लावून मोठ्याने आकडा म्हणू लागला आणि लवू तो आकडा कानात घेऊनच वाकू लागला. "तोच," म्हणायचा आणि सरळ व्हायचा. मार्तंडही आता पहिल्या गटापासून मोजत जात नसे. थेट अठराव्यावर. तो गट तक्त्यावर कुठे आहे, त्याच्या रेघा उभ्या की आडव्या, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गेल्या वर्षापासून वर्तमानपत्र हातभर लांब धरल्याशिवाय त्याला वाचता येत नव्हतं, तो भाग वेगळा. तपासणीच्या खोलीत काय वर्तमानपत्र वाचायचंय?

त्या मंगळवारी त्याने वाकून डोळा लावला, बोटाने चाक किंचित फिरवलं आणि म्हणाला, "अठरा."

लवू वाकला. "तोच."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तक्त्यापाशी, उत्तरा कर्णिक उभी होती. महिन्याभरापूर्वी लागलेली मुलगी, बीएस्सी झालेली, लुकडी, बोलायला कमी. हातात गोंदाची बाटली तशीच धरून ती दोघांकडे बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "कुठला गट म्हणालात?"

"अठरावा. का गं?"

"त्याच्यावर डाग पडला होता ओलीचा. मी सकाळी कागद चिकटवलाय त्याच्यावर. कोरा." ती अडखळली. "नवीन गट छापून आला की लावणार होते. सांगायचं राहून गेलं."

मार्तंड हसला. खरंच हसला. मग वीस फूट चालत गेला आणि तक्त्याला नाक लावून उभा राहिला. सतरा, त्याच्या पुढे एकोणीस, आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढा पांढराशुभ्र कागद. त्याने त्यावर बोट फिरवलं. गोंद अजून नीट वाळला नव्हता.

रेघा त्याला दिसल्या होत्या हो! खोटं बोलला नव्हता तो. तीन रेघा, उभ्या, सुट्या सुट्या, आत्ता डोळे मिटले तरी दिसत होत्या.

"दिवो हललो आसात," लवू पुटपुटला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

उत्तरा शहाणी मुलगी. ओरडली नाही, साहेबांकडे धावली नाही. तिने तो तक्ता खिळ्यावरून काढला, कपाटातला जुना, गटांची मांडणी निराळी असलेला तक्ता घेतला आणि म्हणाली, "काका, एक करून बघूया का? मी तक्ता फिरवून लावते, कधी उभा, कधी आडवा. तुम्हाला सांगत नाही. तुम्ही पहिल्या गटापासून यायचं आणि प्रत्येक गटाच्या रेघा उभ्या की आडव्या ते बोलायचं. चुकलात की थांबायचं."

पाच वेळा केलं. बाराव्यापर्यंत सगळं ठीक, पुढे करड्या गिचमिडीत मार्तंडला जे हवं ते दिसू लागलं. उभ्या म्हणावं तर उभ्या, आडव्या म्हणावं तर आडव्या. उत्तराने आकडे लिहिले: तेरा, चौदा, तेरा, बारा, चौदा. मग तीच लेन्स तिने स्वतः पाहिली आणि लवूने तक्ता फिरवला. अठरा, सतरा, अठरा, एकोणीस, अठरा.

"म्हणजे लेन्स चांगली आहे," मार्तंड घाईने म्हणाला. "अठराच आहे. मी बरोबरच सांगितलं."

"ही चांगली आहे," उत्तरा म्हणाली.

तिने टेबलावरची वही ओढली आणि पानं उलटली. गणपतीपासूनची. अठरा, अठरा. अठरा, अठरा. सदतीस लेन्स, चौऱ्याहत्तर आकडे, एकही सतरा नाही, एकही एकोणीस नाही.

"काका, माझंच बघा ना. एकच लेन्स, एकच डोळा, तरी मी सतरा ते एकोणीस हलले. माणूस बघतो तेव्हा थोडं मागेपुढे होतंच. किती मागेपुढे होतं त्यावरून आपला भरवसा किती ते कळतं. हे आकडे हलतच नाहीत." ती खाली बघत होती. "म्हणजे हे बघितलेलेच नाहीत."

लवू तिच्या अंगावर धावून गेल्यासारखं बोलला, "गो बाय, चार बुकां शिकलंस म्हणून आमका शिकवतंस? देवाशप्पत सांगतंय, माका तीन रेघो दिसल्यो!"

"मलाही दिसल्या, लवू," मार्तंड म्हणाला. "तेच तर."

त्याने वही स्वतःकडे घेतली. सदतीस कॅमेरे कुठे कुठे गेले ते शेवटच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं. मुलुंडचा दवाखाना. घाटकोपरचा. बोरिवलीचा. मग एकविसाव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. फिरती गाडी, छातीचा कॅमेरा, एकवीस सप्टेंबर. अठरा, अठरा. खाली सही, मा. गो. सबनीस.

ही क्षयतपासणीची गाडी नोव्हेंबरात अंधेरीच्या कॉलेजात आली होती. मुलामुलींना रांगेत उभं करून एकेकाचा छातीचा फोटो काढला होता. शुभाचाही काढला होता. शुभा म्हणजे त्याची मुलगी, सतरा वर्षांची, एकुलती एक. महिन्याने छापील कार्ड आलं, फोटो साफ. आणि डिसेंबरच्या शेवटापासून ती खोकत होती.

मार्तंड खुर्ची शोधून बसला. खोकला म्हणजे तीन आठवडे झाले. संध्याकाळी अंग कोमट लागतं, असं पद्मजा, त्याची बायको, परवाच म्हणत होती. डॉक्टर म्हणाले होते, "कॉलेजातला फोटो साफ आहे ना? मग कशाला घाबरता, थंडीचा खोकला आहे." आणि त्याने, या शहाण्याने, मान डोलावली होती. आपणच पास केलेल्या कॅमेऱ्याचा फोटो म्हटल्यावर कसली शंका!

"लवू," तो म्हणाला, "फिरत्या गाडीची लेन्स आठवते? एकवीस सप्टेंबर."

लवूने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग दाराकडे बघत म्हणाला, "तिची कडी अडकत होती. शेवटचो आटो बसलो की नाय ता... माका वाटला, तुमी बघश्यात."

"आणि मला वाटलं तू बसवली आहेस."



गाडी परत आणून तपासावी म्हटलं तर ती आता रत्नागिरीकडे खेडोपाडी फिरत होती, मार्चशिवाय येत नव्हती. कॅमेरा कदाचित उत्तम असेल. कदाचित अठरा काय, वीस दाखवत असेल. कदाचित बारासुद्धा नसेल. मार्तंडकडे आकडा नव्हता. चौदा वर्षं ज्याने आकड्यांवर भाकरी खाल्ली त्याच्याकडे पोटच्या पोरीसाठी एक खरा आकडा नव्हता.

दुपारी लवूने त्याला विहिरीपाशी गाठलं. उत्तरा आधीच म्हणून गेली होती, "मी नवीन आहे, काका. मी साहेबांना काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा." लवूला नेमकी तीच भीती होती.

"सबनीसानू, साहेबाक काय्येक सांगू नकात. माझी चार पोरां आसत. हयसून काढल्यान तर माका कोण घेतलो?"

"आणि माझी पोरगी, लवू?"

"तिचो मोठो फोटो काढून घेवा ना! आजच. तो साफ इलो तर कॅमेरो बरो होतो, विषयच संपलो. सोमवारपासून आपण त्या बायच्या तऱ्हेन बघूया, फिरवून फिरवून, तुमी म्हणश्यात तसा. पण झाला गेला ता उकरू नकात."

मार्तंडने विहिरीत पाहिलं. "आणि साफ नाही आला तर?"

"मगे तुमी काय्येक करा. मी तुमच्याबरोबर येतंय."

हा सौदा मार्तंडने मान्य केला. उगीच सोवळं कशाला सांगायचं, केला मान्य. सदतीस कॅमेऱ्यांखालून किती माणसं गेली असतील याचा हिशेब त्याच्या मनात येत होता आणि तो हाताने माशी हाकलावी तसा हाकलत होता. आधी माझी पोरगी. बाकीचं मग. भ्यालेला बाप दुसरं काय म्हणणार?

बुधवारी त्याने डॉक्टरांचा पिच्छा पुरवून मोठ्या फोटोची चिठ्ठी लिहून घेतली. डॉक्टर वैतागले. "अहो सबनीस, कार्ड साफ आहे म्हणतो ना मी! तुम्ही स्वतः त्या धंद्यातले, आणि तुम्हीच विश्वास ठेवत नाही?" "आईचा जीव, ऐकत नाही," म्हणून मार्तंडने पद्मजाच्या नावावर खपवलं.

गुरुवारी सकाळी तो शुभाला घेऊन वांद्र्याला गेला. तिथे मोठं मशीन होतं, पूर्ण छातीएवढी फिल्म, मध्ये कॅमेरा नाही, लेन्स नाही. शुभा वाटेत दोनदा खोकली आणि दोन्ही वेळा त्याने चोरून तिच्या पदराकडे पाहिलं.

"काय बघता हो बाबा असं?"

"काही नाही गं."

"कालपासून आई पण तसंच बघतेय. मी काय मरायला टेकलेय?"

"गप बस!" तो असा ओरडला की रस्त्यावरचा केळीवाला वळून बघायला लागला. शुभाचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्याने तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

फिल्म शुक्रवारी संध्याकाळी पाचला मिळणार होती. मधला दिवस आणि त्यातले तास मार्तंडने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. ताटातल्या भाताच्या शितांतही त्याला तीन रेघा दिसायच्या. शुभा आत खोकली की तो दाराशी जाऊन उभा राहायचा आणि खोकली नाही की वाटायचं, दाबून धरतेय का काय? त्याने घरातली चमचा-वाटी तिच्यासाठी वेगळी काढावी का असा विचार केला आणि त्याच विचाराची लाज वाटून तिच्याच पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायला. पद्मजा म्हणाली, "अहो, झालंय काय तुम्हाला? डॉक्टर म्हणतात काही नाही, कार्ड म्हणतं काही नाही, आणि तुम्ही एकटे घाबरून बसलाय!"

"कार्डाला काय कळतं," तो म्हणाला.

"अहो, तुमच्याच कारखान्यातला कॅमेरा ना तो?"

त्याने जिन्याकडे तोंड फिरवलं. बायकोला सांगायची हिंमत नव्हती. चौदा वर्षं या घरात घारीच्या नजरेचा माणूस राहत होता. आता त्याच्या जागी कोण राहतोय ते कसं सांगायचं?

शुक्रवारी तो वांद्र्याहून फिल्म घेऊन थेट डॉक्टरांकडे आला. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. डावीकडून उजवीकडे पाहिली, वरून खाली पाहिली, पुन्हा वर पाहिली. मार्तंडला ती फिल्म म्हणजे करडा काळोख दिसत होता. त्याने डॉक्टरांच्या ओठांकडे डोळे लावले.

"साफ," डॉक्टर म्हणाले.

"पुन्हा बघता का?"

"पुन्हा बघू?"

"बघा. आणि कार्ड साफ म्हणतं म्हणून साफ म्हणू नका."

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, पण माणूस भला. पुन्हा पाहिली, भिंग लावून पाहिली. "अहो, स्वच्छ आहे छाती. घसा आलाय पोरीचा, हळद-दूध द्या. आणि तुम्ही घरी जाऊन झोपा, तुमची तब्येत मला तिच्याहून वाईट दिसतेय."

मार्तंड बाहेर आला आणि फुटपाथवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, रडला. मग नाक पुसून त्याने कोपऱ्यावरून पेढे घेतले. वाटेत कारखाना लागत नव्हता तरी वाट वाकडी करून गेला. लवू कुलूप लावत होता. "साफ," मार्तंड म्हणाला. लवूने मटकन दारातच बसून दोन्ही हात जोडले, कुठल्या देवाला ते त्यालाच माहीत. "संपला तर," तो म्हणाला. मार्तंडही म्हणाला, "संपलं." सोमवारपासून तक्ता फिरवून बघायचा, उत्तराने आकडा कुणाला न ऐकवता लिहायचा, आपण चष्मा लावायचा. आणि मागचं राहिलं मागे. शुभाचा कार्डावरचा निकाल खरा निघाला म्हणजे कॅमेरा चांगलाच असणार की! हे त्याने स्वतःला घरापर्यंत तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याला कळत होतं की निरोगी छाती वाईट कॅमेऱ्यातही निरोगीच दिसते. पण त्याने ते ऐकू आलं नाही असं केलं.

घरी दिवे लागले होते. शुभाने दोन पेढे एकदम तोंडात कोंबले आणि फिल्म खिडकीला धरून स्वतःच्या बरगड्या मोजू लागली.

"बाबा, तुम्ही पण ना! दोन-दोनदा फोटो. मुलींना सांगितलं तर हसतील मला. त्या दिवशी रांगेत मीच सगळ्यांना धीर देत होते. पोरी काय घाबरल्या होत्या! मी म्हटलं, वेड्यांनो, हा कॅमेरा माझ्या बाबांनी पास केलाय, ह्यात चूक व्हायची नाही. सुगंधाला तर मी हात धरून उभी केली."

"कोण सुगंधा?" पद्मजाने विचारलं.

"अगं, रेग्यांची. स्टेशनापलीकडे आंबोलीला राहते ती. आता ती पण खोकतेय, माझ्याहून जास्त. पंधरा दिवस झाले, कॉलेजात नाही. काल मी गेले होते बघायला." शुभाने फिल्म खाली ठेवली. आवाज जरा उतरला. "आई, कुणाला सांगू नकोस हं, तिने शपथ घातलीय. तिच्या रुमालावर लाल होतं. ती म्हणते घसा फुटलाय. तिचे बाबा पण तेच म्हणतात, फोटो साफ आहे तर आणखी काय असणार. मी पण म्हटलं, काका, काळजी नको, माझ्या बाबांची सही आहे त्या कॅमेऱ्यावर."

मार्तंडच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो त्याने फळीवर ठेवला. फळीवर ठेवताना पुडा पडला आणि पेढे जमिनीवर गडगडले, पण तो उचलायला वाकला नाही. चार दिवस पोटात बसलेली भीती गेली असं वाटलं होतं. ती कुठे गेली नव्हती, आंबोलीला रेग्यांच्या घरी जाऊन बसली होती. त्या घरी कुणी घाबरलं नव्हतं, कारण त्यांना सही दाखवली होती.

"कुठे निघालात?" पद्मजा म्हणाली. "अहो, चहा टाकलाय."

"आंबोलीला."

"आत्ता?"

"आत्ता." चपला घालताना त्याला डावी-उजवी कळेना. "आणि पद्मा, उद्या पाठारे साहेबांकडे जायचंय मला. परत आलो की सगळं सांगतो. आधी हे होऊ दे."

आंबोलीपर्यंतचा रस्ता त्याने जवळजवळ पळतच काढला. वाटेत दोनदा थांबला, दोन्ही वेळा परत फिरावंसं वाटलं. लवूची चार पोरं डोळ्यांसमोर आली. साहेबांचा चेहरा आला. काय बोलायचं ते तो जुळवत होता आणि जुळत नव्हतं. कॅमेरा वाईट होता असं म्हणावं तर तेही खोटं.

दार श्यामसुंदर रेग्यांनी उघडलं. पन्नाशीचे, बँकेत कारकून, अंगात बंडी, हातात वर्तमानपत्र. मार्तंडने नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा, शुभाचे वडील! या, या. तुमच्या मुलीने सांगितलं तेव्हाच आम्ही निर्धास्त झालो बघा. आत या ना."

"बसत नाही," मार्तंड म्हणाला. "तुमच्या मुलीला आजच मोठ्या फोटोला न्या. छातीच्या. तो कॉलेजातला फोटो धरू नका."

"का? काय झालं?"

"धरू नका, एवढंच."

रेग्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "म्हणजे कॅमेरा बिघडलेला होता?"

"माहीत नाही."

"मग चांगला होता?"

"तेही माहीत नाही मला."

"अहो, असं काय करता? सही तुमची आहे म्हणतात ना?"

"माझी आहे."

"मग सही कशावर केलीत?"

मार्तंड उंबऱ्याबाहेर उभा होता. आतून कुणीतरी खोकलं, लांबलेलं, ओलं. रेग्यांचे डोळे त्या आवाजाकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांत मार्तंडला चार दिवस आरशात दिसणारी तीच भीती होती. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते ओरडले नाहीत. "सुगंधा," त्यांनी हाक मारली, "शाल घे अंगावर. बाहेर जायचंय." मग मार्तंडला म्हणाले, "तुम्ही बरोबर चला. डॉक्टरला हेच सांगा. आणि उद्या कॉलेजात येऊन सगळ्यांना सांगा."

"येतो."

मुलगी बाहेर आली. शुभाच्याच वयाची, दोन वेण्या, गालांवर चढलेला लाल रंग. मुठीत रुमाल घट्ट धरलेला. वडिलांचा चेहरा पाहून ती दारातच थबकली आणि मग मार्तंडकडे वळली.

"तुम्ही शुभाचे बाबा ना? काका, माझा फोटो साफच होता ना?"

"माहीत नाही, बाळा," मार्तंड म्हणाला. "मी बघितलंच नव्हतं."